वाढदिवस दिसतो, वाढ दिसत नाही

तापीकाठचा मास्तर

सर्वांना नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील एका गावात राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३६ वर्षे शिकवून निवृत्त झालो आहे. मुलगा आणि सून न्यू जर्सीत असतात आणि त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा एकुलता नातू, नुकताच दोन वर्षांचा झाला. त्याचा वाढदिवस नेमका कोणत्या दिवशी करायचा यावरून आमच्या घरात जो घोळ झाला तो आधी सांगतो, कारण मला जे विचारायचे आहे त्याची वाट त्या घोळातूनच जाते.

नातू जन्मला तेव्हा तिकडे २८ जुलै २०२३ ची संध्याकाळ होती, सहा वाजले होते. इकडे २९ तारखेची पहाट, साडेतीन. फोन आला तसा मी उठलो, देवापुढे दिवा लावला आणि डायरीत २९ जुलै असे लिहून मोकळा झालो. तिकडच्या जन्मदाखल्यावर अर्थातच २८ आहे. सकाळी पंचांग उघडले तर अधिक श्रावणातील शुद्ध एकादशी निघाली. म्हणजे मुलगा एक, तारखा दोन, आणि तिथी मिळाली तर ती अधिक महिन्यातली.

यंदा या साऱ्यांची गाठ एकाच आठवड्यात पडली. २८ जुलैला तिकडे संध्याकाळी सात वाजता केक कापायचा होता, म्हणून आम्ही दोघे पहाटे चारला उठून, तोंडे धुऊन, फोन लावून बसलो. इकडे मंगळवारची नागपंचमी लागलेली. नागपंचमीला आमच्याकडे चिरणे, कापणे, चुलीवर तवा ठेवणे हे सगळे वर्ज्य असते, त्यामुळे सुनेने सुरी हातात घेतली तशी आमची मंडळी ओरडली, ‘अगं, आज सुरी चालवतेस?’ तिकडे अजून सोमवार आहे, नागपंचमी उद्या, असे सांगून मी कशीबशी सोडवणूक केली. पुढच्या रविवारी, ३ ऑगस्टला, कानबाई, म्हणजे आमच्या खान्देशातली देवी, घरी आली. आमच्याकडे रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेण्याची रीत आहे. हिने माझी मूठ घेतली, मुलाची घेतली, आणि नातवाची घेताना मात्र थबकली, कारण मूठ कुणाची धरायची हे ठरेना. शेवटी तिने स्वतःचीच अर्धी मिटलेली मूठ भरली. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, त्यामुळे त्याच्या वाट्याचा रोट मीच खाल्ला. मग मंगळवारी, ५ तारखेला, तिथीचा वाढदिवस आला तो एकादशीचा. औक्षणानंतर पुरणपोळीऐवजी साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस झाला. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आमच्या घरात यापुढे दर वर्षी वाढदिवसालाच खरी होणार असे दिसते.

आता मुद्द्याचे. त्या दिवशी हिने फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. खाली पाट मांडून रांगोळी काढली होती, जणू तो येऊन बसणारच आहे. निरांजन, सुपारी आणि अंगठी असलेले तबक तिने फोनपुढे ओवाळले. नातू ज्योतीकडे टक लावून पाहत होता. तबक तिसऱ्यांदा त्याच्या समोर आले तसे त्याने गाल फुगवले आणि जोराने फुंकर मारली. आठवड्यापूर्वी केकवरच्या मेणबत्त्या विझवायला शिकलेला तो. दिवा दिसला की फुंकायचा, एवढेच त्याला ठाऊक. हिने तबक झटकन मागे घेतले आणि ‘नाही रे राजा, हा विझवायचा नसतो’ असे म्हणाली. निरांजन अर्थातच तेवत होते. तो मात्र पुन्हा पुन्हा फुंकत राहिला आणि ज्योत विझत नाही म्हणून शेवटी रडू लागला.

रात्री मी विचार करत पडलो होतो तो निराळ्याच गोष्टीचा. याला फुंकर मारता येते हे मला माहीतच नव्हते. ओठांचा चंबू करून वारा सोडणे ही लहान मुलासाठी सोपी गोष्ट नाही. ती एखाद्या दुपारी, गरम वरणभातासमोर, आईचे पाहून त्याला पहिल्यांदा जमली असेल, आणि ती दुपार आमच्या वाट्याला आली नाही. त्याच्या जन्मानंतर लगेच आम्ही तिकडे गेलो होतो आणि तो पालथा पडू लागला तेव्हा परत आलो, कारण पाहुण्यांना सहसा सहा महिन्यांपेक्षा जास्त राहू देत नाहीत. नंतरचे बसणे, रांगणे, पहिले पाऊल, पहिला दात, सगळे आम्हाला पाठवलेल्या तुकड्यांतून कळले, तेही बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळचे, कारण पहिल्या वेळी कुणाच्या हातात फोन नसतो. वाढदिवस आम्हाला दिसतो. वाढ दिसत नाही.

तेव्हा आपल्यापैकी ज्यांची नातवंडे बाहेर आहेत, किंवा जे स्वतः बाहेर राहून मुले वाढवत आहेत, त्यांनी या बाबतीत काय केले ते सांगावे. तारीख की तिथी, हेही जाता जाता कुणी सोडवले तर बरे होईल.

पारोळ्याचा पंचांगवाला

मास्तर, जाता जाता विचारलेल्याचे उत्तर आधी देतो, कारण मोठ्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही.

तिथी सुरू होते आणि संपते ती साऱ्या जगात एकाच क्षणी; पण दिवसाची तिथी ठरते ती सूर्योदयावरून, आणि सूर्योदय प्रत्येक गावचा वेगळा. यंदाची श्रावण शुद्ध एकादशी आपल्याकडे ४ ऑगस्टला दुपारच्या सुमारास लागली आणि ५ ला दुपारी संपली, म्हणून आपण ५ तारीख धरली. न्यू जर्सीत सूर्य उगवतो तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजत आलेले असतात, त्यामुळे तिकडे एकादशी ४ तारखेलाच होती. म्हणजे आपण ज्या मंगळवारी ओवाळले त्या दिवशी त्याची तिथी तिकडे उलटून गेली होती. वाईट वाटून घेऊ नका. यजमान जिथे बसून औक्षण करतो तिथले पंचांग धरावे, असे मी सांगतो.

अधिक महिन्यात जन्मलेल्याचा वाढदिवस पुढे त्याच नावाच्या निज, म्हणजे नेहमीच्या, महिन्यात करतात, तेव्हा तेही आपण बरोबर केले. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे तारीख आणि तिथी एकमेकींपासून दूर जातात, अधिक महिना आला की जवळ येतात, आणि १९ वर्षांनी जवळपास एकत्र येतात. २००४ साली अधिक श्रावण होता, त्यानंतर १९ वर्षांनी २०२३ मध्ये आला. नातू १९ वर्षांचा होईल तेव्हा आपला घोळ आपोआप मिटेल.

एरंडोलकर

धागा वाचला आणि मास्तरांविषयी आदर बाळगून थोडे विरोधात लिहितो.

आपल्या पिढीत वाढदिवस होते कुठे? माझा जन्म ‘कपाशी वेचणीला आली होती तेव्हा’ झाला, असे माय सांगायची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वडिलांना तारीख विचारली, वडिलांनी आभाळाकडे पाहिले, आणि गुरुजींनी १ जून लिहून टाकली. आमच्या वर्गात निम्म्याहून अधिक पोरे १ जूनला जन्मलेली होती. (मास्तर, ३६ वर्षांत आपणही काही १ जून लिहिले असतीलच.) ज्यांना स्वतःची तारीख ठाऊक नाही त्यांनी पहाटे चारला उठून केक पाहावा, हे मला नवलाचे वाटते.

दुसरे असे की, मूल नजरेआड वाढणे हे खान्देशाला नवे नाही. आपल्या गावांतली किती घरे सुरतेला उधना, लिंबायत भागात कामाला गेली आणि तिथेच राहिली. माझा थोरला भाऊ तसाच गेला. त्याच्या मुलांना आम्ही वर्षातून एकदा, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पाहायचो. पोरे झोक्यावर बसायची तेव्हा मागच्या वर्षी जमिनीला न टेकलेले पाय यंदा टेकलेले दिसायचे, आणि तेवढ्यावर आम्ही समाधानी असायचो. फोन नव्हता, म्हणून चुकल्याची हळहळही नव्हती. आज रोज दिसते, म्हणून जे दिसत नाही त्याचा हिशेब मनात चालू राहतो.

तरीही निरांजनाचा प्रसंग वाचताना मी थांबलो, हे कबूल करतो.

पांझरेची लेक

मास्तर काका, मी मूळची धुळ्याची आणि गेली सात वर्षे नेदरलँड्समध्ये आहे. मुलगी चार वर्षांची आहे. मी फोनच्या दुसऱ्या बाजूला असते, म्हणून त्या बाजूचे थोडे सांगते. आपल्याला कडू वाटले तर लहान समजून सोडून द्या.

आजी-आजोबांचा फोन आला की आम्ही आईबाप मुलाला परीक्षेला बसवतो. ‘आजीला गाणं म्हणून दाखव, रंग सांग, अंक म्हण, पापा दे.’ मूल म्हणते तोवर ठीक. एक दिवस ते पाठ फिरवते आणि इकडे आम्ही ओशाळतो, तिकडे आजी म्हणते, ‘आम्हाला विसरली वाटतं.’ ती विसरलेली नसते, तिला त्या क्षणी मुंगी पाहायची असते. माझ्या आईशी यावरून माझा एकदा मोठा वाद झाला आणि आठ दिवस आम्ही बोललो नाही.

त्यातून वाट निघाली ती योगायोगाने. एकदा आई मेथी निवडत असताना मी फोन केला. तिचे हात मातीचे, म्हणून तिने फोन भिंतीला टेकवला आणि निवडणे चालू ठेवले. इकडे माझी मुलगी जमिनीवर ठोकळे रचत होती. वीस मिनिटे कुणी कुणाशी बोलले नाही. मग मुलीने वर पाहून विचारले, ‘आजी, ते काय आहे?’ आणि आईने एक काडी उचलून दाखवली. तेव्हापासून आम्ही तसेच करतो. उन्हाळ्यात आमच्यात साडेतीन तासांचे अंतर असते, हिवाळ्यात साडेचार. आमचे संध्याकाळचे पाच वाजले की आईचे जेवण होत आलेले असते. फोन ओट्यावर उभा राहतो, दोन्ही घरांतला आवाज एकमेकींत मिसळतो, आणि मुलीने पहिल्यांदा स्वतःच्या बुटाचा पट्टा लावला तो माझ्या आधी माझ्या आईने पाहिला, मी तेव्हा पोळ्या लाटत होते.

लहान मुलांनी पडदा पाहावा की नाही, अशी शंका मलाही होती. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दीड वर्षाखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवावे असे सांगितले, पण त्यातून माणसांशी होणारा व्हिडिओ कॉल वगळला आहे, कारण तिथे समोरचे माणूस मुलाला उत्तर देते.

वाढदिवसाबद्दल इथली एक रीत आपल्याला आवडेल. इथे ज्याचा वाढदिवस त्याचेच नव्हे, तर त्याच्या आईचे, वडिलांचे, आजीचे, आलेल्या प्रत्येक नातेवाइकाचे अभिनंदन करतात. मुलीच्या तिसऱ्या वाढदिवसाला आई इथे होती. शेजारच्या डच बाईंनी तिचा हात हातात घेऊन तिचे अभिनंदन केले, तेव्हा आईला आपण काय केले ते कळेना, पण दिवसभर ती खुशीत होती. याच लोकांची दुसरी रीत मात्र तिला मुळीच पटली नाही. इथे घरच्यांच्या आणि आप्तांच्या वाढदिवसांचे कॅलेंडर संडासात टांगतात, म्हणजे रोज नजरेखाली येते. आम्हीही हौसेने टांगले होते. त्यात स्वतःचे आणि बाबांचे नाव पाहून आईने ते त्याच क्षणी काढून स्वयंपाकघरात लावले, आणि ते अजून तिथेच आहे.

अजून एक. इथे चौथा वाढदिवस झाला की मूल लगेच शाळेत जाऊ लागते, नव्या वर्षाची वाट पाहत नाहीत. त्यामुळे आमच्याकडे चौथ्या वाढदिवसाचा केक आणि शाळेचा पहिला दिवस पाठोपाठ आले, आणि घरी फक्त मराठी बोलणारी मुलगी तीन महिन्यांत बाहुल्यांना डचमध्ये रागावू लागली. वाढ दिसते तेव्हा ती अशीही दिसते, काका.

साक्रीकर आबा

माझा नातू मेलबर्नला असतो. तिकडचे घड्याळ आपल्या पुढे धावते, त्यामुळे मी सकाळचा चहा घेत असतो तेव्हा त्याची दुपार चालू असते. मी त्याच्याशी पहिल्या दिवसापासून अहिराणीतच बोलतो. सून पुण्याची आहे. मूल आधीच इंग्रजी आणि मराठीत गोंधळेल, त्यात ही तिसरी भर कशाला, असे तिला वाटे, आणि तिने ते मोकळेपणाने सांगितले. मी म्हटले, मला दुसरी भाषा प्रेमाने बोलता येत नाही, त्याला मी काय करू?

आता तो साडेतीन वर्षांचा आहे. आईशी मराठी, शेजाऱ्यांशी इंग्रजी आणि फोनवर माझा चेहरा दिसला की ‘आबा, जेवणा का?’ कोणाशी काय बोलायचे याचा हिशेब मुले आपल्यापेक्षा चोख ठेवतात. मागच्या महिन्यात त्याच्या पाळणाघरात एक नवा मुलगा आला, तर याने त्याला ‘तुन्हं नाव काय शे?’ असे विचारले. तो मुलगा गोरा होता. सुनेने हे मला हसत हसत सांगितले, म्हणजे तिचीही आता हरकत उरलेली नसावी.

मास्तर, आपण शाळेत प्रमाण मराठी शिकवलीत, ते ठीकच. नातवाशी मात्र घरचे बोला.

यावलची सून

मास्तर काका, रोटांच्या मुठीवरून एक विचारते. माझ्या सासूबाई फक्त मुलग्यांची मूठ घेत असत. माझी नणंद टोरांटोला आहे आणि तिला दोन मुलीच आहेत. मागच्या कानबाईला मी सासूबाईंना म्हटले, परदेशातल्या नातवाची मूठ चालते तर नातीची का चालू नये? त्या काही बोलल्या नाहीत; पण दळायला गहू नेताना मला डबा जरा जड लागला.

खाऊबद्दल एवढेच, की वाढदिवसाला शेंगदाण्याचे लाडू पाठवू नका. तिकडे अनेक पाळणाघरांत शेंगदाण्याला सक्त मनाई असते, कारण काही मुलांना त्याची तीव्र ॲलर्जी असते. आमचे दोन किलो लाडू शेवटी नणंदेच्या कार्यालयात वाटले गेले. बिबडे (ज्वारीचे पापड) पाठवावेत, टिकतात, आणि मुलांना कुरकुरीत म्हणून आवडतात.

आणि वाढ पाहायची असेल तर आम्ही करतो ते करून पाहा. नणंद दर वाढदिवसाला मुलींच्या उंचीएवढा धागा कापते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवते. आकडा फोनवर कळतोच, पण आकडा हातात धरता येत नाही.

तापीकाठचा मास्तर

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला दीड महिना लागला, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

एरंडोलकर, १ जून मी लिहिले आहेत, मोजदाद ठेवलेली नाही. त्यांतले एक तर आमच्याच मंडळींच्या धाकट्या भावाचे आहे.

पांझरेची लेक यांचे ऐकून आम्ही तिकडची सकाळ धरली. त्यांचे आठ वाजतात तेव्हा आमचे साडेपाच. मी ओट्यावर शेंगा फोडत बसतो आणि फोन खांबाला टेकवलेला असतो. पहिले चार दिवस मी सवयीने ‘हा कोणता रंग?’ असे विचारत राहिलो आणि त्याने मला उत्तर दिले नाही. पाचव्या दिवशी मी गप्प बसलो. तो एक पायमोजा घेऊन बराच वेळ झटत होता; टाच वर येत होती, पुन्हा काढत होता. मग तो उठला, पायमोजा माझ्या तोंडापुढे धरला आणि म्हणाला, ‘आबोबा, घाल.’ मी हात पुढे केला हे मला नंतर कळले. हातातल्या शेंगा खाली सांडल्या होत्या.

धाग्याचेही केले. सुनेने सुतळी कापून पाठवली, ती आमच्या शेजारच्या गावच्या एका गृहस्थांच्या बॅगेतून गेल्या आठवड्यात आली. आमच्या मधल्या घराच्या चौकटीवर मुलाच्या उंचीच्या रेघा आहेत, पेन्सिलीने काढलेल्या आणि दर रंगकामाला मी वाचवलेल्या. त्याला दोन वर्षे पूर्ण झाली त्या दिवशीची रेघही त्यात आहे, १९९२ ची. हिने सुतळीचे एक टोक उंबऱ्यावर अंगठ्याने दाबून धरले, दुसरे मी वर ओढले. सुतळी रेघेच्या दोन बोटे वर गेली. हिचे म्हणणे, सुनेने बुटांसकट मापले असणार. संध्याकाळी विचारले तेव्हा कळले की तो भिंतीला पाठ टेकवून उभाच राहीना, म्हणून झोपेत मापला. झोपलेले पोर लांबच भरते, असे हिने जाहीर केले, आणि सुतळी चौकटीच्या खिळ्याला अडकवून ठेवली.